बांबूच्या वर्गात

जपानला काय काय पाहिलं, असं लोक विचारतात तेव्हा मला आधी थकवाच आठवतो. मी चिटगुप्प्याच्या शाळेत चित्रकला शिकवतो. आम्हा पाच कलाशिक्षकांना अभ्यासदौऱ्यावर नेलं होतं. त्या दिवशी जुन्या हस्तकला शिकवणारं एक कला विद्यापीठ पाहायचं होतं. लाखेचं काम, मातीची भांडी, कापड रंगवणं, असे एकेक विभाग पाहत दुपारपर्यंत पाय भरून आले. दुभाषी बाई सांगत होत्या, मी नुसती मान हलवत होतो.

शेवटचा वर्ग बांबूचा निघाला. दार उघडताच ओल्या बांबूचा वास आला आणि परत फिरावंसं वाटलं. आम्ही बुरूड. सुपं-टोपल्यांतून सुटावं म्हणूनच घरच्यांनी मला शिकवलं. सोबतच्या चौघांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

एक मुलगी बांबू चिरत होती. चीर सारखी एका बाजूला सरकत होती, आणि तिला ती सावरता येईना. मला राहवलं नाही. जवळ जाऊन जाड बाजू वाकवून धरली, तशी चीर मधोमध आली.

तिथले म्हातारे प्राध्यापक हे पाहत होते. त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे बांबू चिरायची कत्ती धरली. मग तासभर मी कामट्या काढत बसलो, मुलं भोवती बसून पाहत राहिली. पाठ भरून आली. कुणाकडून शिकलात, असं प्राध्यापकांनी विचारलं. आईकडून, म्हणालो. त्या कुठे शिकवतात? शिकवत नाही, बाजारात सुपं विकते. दुभाषी बाईंनी ते जपानीत सांगितलं. सोबतच्यांकडे मी पाहिलं नाही.

बाहेर बाकावर बसून आईला फोन लावला. तिला आम्ही अव्वाच म्हणतो. ती बाजारात होती. इथं बांबू चिरून दाखवला, असं तिला सांगितलं.

"तिथं बी सुपं लागतेत व्हय?"

"न्हाई, अव्वा. पोरं शिकायलेत. कॉलेजात."

"आन् तू कामून बसलास चिरत? तुला तर सोडवलं हुतं आम्ही."

पाय दुखायलेत, आल्यावर सांगतो, म्हणालो. तिच्याकडे गिऱ्हाईक आलं, तिनं फोन ठेवला.

त्याला आता आठ महिने झाले. तिनं पुन्हा विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. दौऱ्याचा अहवाल तेवढा लिहून दिला. त्यात बांबूच्या वर्गावर दोन ओळी आहेत.