लंकेच्या पार्वतींची दिवाळी पहाट

कार्यक्रम म्हटला की फरीदाबादच्या सुमित्रा निरगुडकरांच्या अंगात यायचं. अख्खी हयात केंद्र सरकारच्या नोकरीत गेली, पण फायलींपेक्षा मराठी मंडळाच्या खुर्च्या, पाहुण्यांचे हार आणि उशिरा येऊन पुढे बसणारी मंडळी यांचाच त्यांना जास्त अनुभव. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी संप पुकारला, फरीदाबादहून दिल्ली गाठणं नकोसं झालं, आणि ताईंनी सगळा कारभार कॉम्प्युटरच्या आतल्या गावात हलवला.

हे आतलं गाव म्हणजे आभासी जग. आपली एक बाहुली करायची, तिला नटवायचं आणि घरबसल्या तिच्या पायांनी हिंडायचं. गुडघे दुखत नाहीत, हा मोठा फायदा. ताईंना तिथे नेलं ते त्यांच्या यजमानांनी. उल्हासराव सरकारी बांधकाम खात्यातले इंजिनियर. त्यांनी तिथे हौसेनं एक सभागृह बांधलं, मग बायकोच्या बाहुलीसाठी एक नथ घडवली, आणि त्याच वर्षी ते गेले. पुढे नात्यातल्या बायकांनी ताईंना काय काय घालू नये ते हळूच सुचवलं. आतल्या गावात सुचवायला कोणी नव्हतं. तिथे ताईंची बाहुली पैठणी नेसून, नथ घालून ताठ मानेनं फिरायची.

त्या सभागृहात दर वर्षी दिवाळी पहाट व्हायची. नोएडा, नागपूर, दुबई, कुठकुठली मराठी माणसं बाहुल्यांच्या रूपानं जमायची, आणि ताईंची मुलगी स्वरूपा नोएडातल्या तिच्या घरून गायची.

गेल्या दिवाळीला मात्र सगळा विचका झाला. स्वरूपा आलापी करत होती आणि सभागृह अडकलं. कोणी हवेत लटकलं, कोणी खांबात घुसलं, एका गृहस्थांचा नुसता फेटाच दिसत राहिला. स्वरूपाचा सूर तुटून तुटून येऊ लागला, तसं कोणीतरी हसणारी चित्रं पाठवली. तिनं गाणं अर्ध्यात बंद केलं. बाबा गेल्यापासून ती दुसरीकडे कुठे गातच नव्हती. गायची ती फक्त बाबांनी बांधलेल्या त्या सभागृहात.

यंदा ताईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, यार, लास्ट टाइम. या वेळी अडकलं तर मला परत विचारू नकोस. मी गाणं सोडलं असं समज."

"नाही अडकणार," ताई म्हणाल्या.

मग त्या हात धुऊन त्या अडकण्याच्या मागे लागल्या. चार जणांना विचारलं, स्वतः करून पाहिलं, तेव्हा दुखणं कळलं. सभागृहात जो येतो त्याच्या कॉम्प्युटरला बाकी सगळ्यांची रूपं रंगवावी लागतात, दागिन्यातला मणी न् मणी सुद्धा. आणि दिवाळी पहाटेला साधं येईल तो मराठी माणूस कसला! बायका ठुशी, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, जे खऱ्या कपाटात नाही ते सगळं घालून येणार. पुरुषांच्या फेट्यांना डुलणारे तुरे. गेल्या वर्षी एकीच्या हातात स्वतःहून गोल फिरणारं आरतीचं ताट होतं. कॉम्प्युटर बिचारा किती ओढणार?

ताईंनी ग्रुपवर फर्मान काढलं. सगळ्यांनी आधी येऊन जागेवर बसावं, म्हणजे गर्दी होण्यापूर्वी सभागृह नीट उमटेल. बसल्यावर हिंडू नये. सावल्या बंद कराव्यात. लांबचं दिसणं कमी करावं, बाहेरचा तलाव गाण्याच्या वेळी पाहायची गरज नाही. घरात दुसरं कोणी नेटवर सिनेमा बघत असेल तर त्याला तेवढा वेळ चहा द्यावा. आणि शेवटी: दागिने उतरवून यावे, मंगळसूत्रसुद्धा.

ग्रुप पेटला. नागपूरच्या विजयालक्ष्मीबाईंनी थेट फोन लावला. "अहो, सणासुदीला लंकेची पार्वती होऊन यायचं आम्ही? आणि मंगळसूत्र उतरवायला सांगताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

मंगळसूत्र उतरवायला सांगणं ऐकताना कसं वाटतं, हे ताईंइतकं कोणाला ठाऊक होतं? आपण नेमकं तेच केलं, याची त्यांना शरम वाटली.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "मंगळसूत्र राहू दे. मी हलकं करून देते, एकपदरी. बाकीच्याचं मात्र बघा हो. पोरीच्या गाण्याचा प्रश्न आहे."

पोरीचं नाव निघताच विजयालक्ष्मीबाईंचा आवाज उतरला. "असं आधी सांगायचं ना! एवढ्यासाठी मी गोणपाट नेसून येईन."

दिवाळीच्या पहाटे ताई अभ्यंगस्नान आटोपून, गाऊनवर शाल घेऊन कॉम्प्युटरसमोर बसल्या. कानामागे थोडं उटणं राहिलं होतं. सभागृहात लोक वेळेआधी येऊन शहाण्यासारखे बसत होते. सगळ्या लंकेच्या पार्वती, साध्या सुती साड्यांत. विजयालक्ष्मीबाईंच्या गळ्यात फक्त ते एकपदरी मंगळसूत्र. फेट्यांचे तुरे गायब. ताईंना त्या साध्या गर्दीचं इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले.

स्वरूपाचा तानपुरा सुरू झाला. पहिला षड्ज आला, आणि मधेच तुटला.

कोणाच्या अंगावर किती ओझं आहे ते दाखवणारी एक खिडकी असते, ती ताईंनी घाईनं उघडली. "बघतेच, कोणी घातलाय कंबरपट्टा!" यादीत सगळी नावं हिरवी होती. सर्वात वर एकच लाल. सुमित्रा निरगुडकर.

त्यांनी पैठणी केव्हाच बदलली होती. बांगड्या काढल्या होत्या. राहिली होती फक्त नथ. एवढीशी तर नथ, तिचं काय ओझं होणार, म्हणून ती त्यांनी मोजलीच नव्हती. पण उल्हासरावांचं काम ते. लांबून मोती दिसला की पुरे, असं त्यांना कधी पटलंच नाही. प्रत्येक मोती त्यांनी वेगळा घडवला होता, त्याला आरपार भोक पाडलं होतं, भोकातून तार ओवली होती. "आतलं कोण बघतंय?" असं ताईंनी तेव्हा विचारलं होतं. "मी बघतोय ना," ते म्हणाले होते. ते सगळं आतलं काम आता सभागृहातला प्रत्येक कॉम्प्युटर इमानेइतबारे रंगवत बसला होता.

ते गेल्यापासून ती नथ एकदाही उतरली नव्हती. बाहेरचं सगळं लोकांनी उतरवायला लावलं, ही एक राहिली, असं ताई मनात धरून होत्या.

स्वरूपाचा सूर पुन्हा तुटला. "आई," तिचा बारीक आवाज आला, "होतंय ना तेच परत?"

"थांब, जाऊ नकोस," ताई म्हणाल्या. त्यांनी नथ काढली. एकदा बोट फिरवलं आणि बाहुलीचं नाक रिकामं झालं. ताईंचा हात आपसूक स्वतःच्या नाकाकडे गेला.

"लाव सूर," त्या म्हणाल्या.

षड्ज लागला आणि लागूनच राहिला. मग स्वरूपा जी गायली, ती बाहेर उजाडून शेजारच्या गच्चीवर फटाके सुरू झाले तरी थांबेना. कोणी हललं नाही, कोणी अडकलं नाही. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. विजयालक्ष्मीबाईंनी तर न हलण्याचा ताईंचा नियम पाळत बसल्याजागीच टाळ्या वाजवल्या, उठल्या नाहीत.

मंडळी फराळाला पांगली. एकेक बाहुली नाहीशी झाली आणि सभागृहात दोघीच उरल्या.

"आई, नथ कुठे गेली तुझी?" स्वरूपानं विचारलं.

"पेटीत आहे. तीच अडकवत होती तुझं गाणं."

स्वरूपा म्हणाली, "आता कोणी नाहीये. घाल ना. मी अजून एक म्हणते."

"पुन्हा विचारू नकोस म्हणाली होतीस ना?"

"तू कुठे विचारलंस? मीच म्हणतेय. चलो, घाल लवकर."

ताईंनी नथ घातली. रिकाम्या सभागृहात ती झटकन उमटली, भोकाभोकातल्या तारेसकट. स्वरूपानं तानपुरा पुन्हा छेडला, आणि ताई बाहुलीला पहिल्या रांगेत बसवून, शाल सावरून ऐकत राहिल्या.