दोघांचा फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरच्या एका छोट्या वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचो. काय दिवस होते ते! सकाळच्या एसटीनं निघायचं, गळ्यात कॅमेरा, तोंडात धूळ. रस्त्याच्या कामांवर माणसं खडी फोडायची, दुपारी खायला सुकडी वाटायचे, आणि मला बघितलं की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एवढ्या हालातही हसायच्या! त्या हसण्याची मला आजही आठवण येते. पण मी ते कधी टिपलं नाही — हसरा दुष्काळ छापणार कोण?

तिसगावजवळच्या कामावर सखूबाई दिसली. ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, शेजारी नवरा धोंडीबा घण घालतोय. मला ती पुरेशी गरीब दिसेना. हो, असंच वाटलं मला. म्हटलं, बाई, कुंकू पुसा, बांगड्या पदराखाली झाका. असा फोटो मुंबईला पोचला तर गावाला पाण्याचा टँकर लवकर येईल. तिनं नवऱ्याकडं बघितलं. गावातल्या विहिरी आटलेल्या. धोंडीबा मान खाली घालून म्हणाला, "पूस."

तिनं पुसलं. मी फोटो काढला आणि खाली ओळ लिहून दिली — निराधार विधवा. ती ओळ तरी कशाला हवी होती मला?

फोटो गाजला. माझी पाठ थोपटली गेली. टँकरचं मी कुणाकडं बोललोसुद्धा नाही.

मग एके दिवशी दोघं मला शोधत नगरला आले. पेपर गावात पोचला होता. जित्या नवऱ्याचं कुंकू पुसलं म्हणून सखूबाईला कुणी हळदीला, ओटी भरायला बोलवेना. "सायेब, म्या जित्ता हाय. तेवढं छापा की. आमचा दोघांचा फोटू छापा," धोंडीबा म्हणाला. ती लग्नातलं लुगडं नेसून आली होती.

तो फोटो छापला असता तर माझी विधवा खोटी ठरली असती — आणि मीही. कॅमेऱ्यात रीळ नव्हतं. नवं टेबलाच्या खणात होतं. मी खण उघडला नाही. दोघांना जवळ बसवलं, तिचा पदर नीट करायला सांगितला, हलू नका म्हटलं, आणि रिकामा कॅमेरा दाबला. येईल पेपरात, म्हणालो. किती समाधानानं गेले दोघं!

पुढं तिकडचा एक मास्तर भेटला. सांगत होता, धोंडीबा दर बाजारी चहाच्या दुकानात बसून पेपर चाळतो, वाचता येत नाही, नुसते फोटो बघतो. तुम्ही ओळखता ना त्याला, असं त्यानं मला विचारलं.

मी म्हणालो, "कोण धोंडीबा?"