नमुन्याचा पाठ

विद्यापीठाने मोठ्या शहरात चालवलेल्या हायस्कूलने आम्हा अमरावतीकरांना फसवले. आमचे मास्तर मागून नेले आणि परत देताना दुसराच माणूस हाती ठेवला. मी फळांचा व्यापारी. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली, आज बाजारात माझे दुकान आहे. वरचा थर चांगला आणि खाली सडका माल, ही लबाडी मी लांबून ओळखतो. पण अशी अदलाबदल उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

नेलेले मास्तर कसे होते, ते आधी ऐका. त्यांच्याइतका छळवादी माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नसेल. पूर्णेच्या रेतीतली टरबुजे बाजारात आली, की ऐन गर्दीच्या वेळी हे आपला अख्खा वर्ग घेऊन माझ्या दुकानापुढे हजर. माझ्याच दुकानाच्या फळ्यांवर खडूने नदी काढायची, एक टरबूज उचलून कानाशी वाजवायचे आणि मला विचारायचे, "भाऊ, रेतीले चव नाही, पाण्याले चव नाही. मंग याले गोडी कोठून आली?"

"घ्याचं असन तं घ्या मास्तर, नाही तं रस्ता धरा! गिऱ्हाईक उभं आहे."

"गिऱ्हाईकालेही विचारू नं! बोला हो काकाजी, काहून गोड?"

मग काकाजी विचारात पडायचे, पोट्टे भांडायला लागायचे आणि माझा धंदा बसायचा. एका लग्नात तर त्यांनी जिलबी करणाऱ्या आचाऱ्याला पाक आत कसा शिरतो म्हणून विचारले. आचारी समजावून सांगण्यात इतका रंगला, की घाणा करपला आणि वरपक्ष रुसला. माझा संताप व्हायचा. मी त्यांना चारचौघांत काय काय बोललो असेन, लिहिण्यासारखे नाही. तरी दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तर दुकान ओकेबोके वाटे. आणि एक धडा त्यांनी दुसऱ्यांदा तसाच घेतलेला कोणी पाहिला नाही. म्हणायचे, "कालची भाजी पाहुण्याले वाढतो का आपण?"

असाच वर्ग चालू असताना विद्यापीठाचे एक साहेब ते पाहून गेले. त्यांच्या शाळेत शिकाऊ शिक्षक मागच्या बाकांवर बसून चांगल्या मास्तरांचे पाठ पाहत आणि तसे शिकवायला शिकत. साहेब पुन्हा आले ते मास्तरांना न्यायलाच. सौदा तुम्हीच करा, अशा नजरेने मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी आधी बोली पक्की केली : दोन वर्षे, आणि जसे नेता तसे परत. "जसेच्या तसे," साहेब हसून म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात संत्र्यांच्या सौद्यासाठी मी त्या शहरात गेलो, तेव्हा शाळेत डोकावलो. मागे शिकाऊ शिक्षकांची रांग, पुढे मास्तर, आणि त्यांच्या हातात मातीचे, हिरवा रंग दिलेले टरबूज. "याले गोडी कोठून आली?" असे विचारायला त्यांनी तोंड उघडले नाही, तोच सगळा वर्ग एका सुरात उत्तर देऊन मोकळा झाला. मग मास्तर ठरल्या जागी हसले. मागच्या रांगेने ते हसणेही लिहून घेतले.

बाहेर आल्यावर मी भडकलोच. "मास्तर, हे काय लावलं?"

"यायले हाच पाठ पायजे, भाऊ. दर खेपेले नवीन मंडळी येतात. म्या दुसरा घेऊन पाहिला, तं साहेब म्हणे, नमुना बदलू नका." मग हळूच म्हणाले, "पोट्टे आता माह्याकडं पाहतच नाहीत. मागच्या बाकाकडं पाहून बोलतात."

मी साहेबांच्या खोलीपर्यंत गेलो. चपराश्याने दारातूनच परत पाठवले.

दोन वर्षांनी मास्तर आले. आता तेच त्या पाठाला कंटाळले, की पाठच त्यांना गिळून बसला, कोण जाणे. दुकानात आले, टरबूज उचलले, वाजवले नाही. भांडण निघावे म्हणून मी मुद्दाम लुटारूचा भाव सांगितला. त्यांनी मुकाट्याने दिला आणि छत्री काखेत धरून निघून गेले. मला त्या दिवशी गिऱ्हाइकांवर ओरडवेना.

त्यांनी शाळेत पुन्हा पाऊल टाकले नाही. त्यांच्या जागी विद्यापीठाचाच एक तयार झालेला तरुण आला आहे. गुणी आहे, त्याचा दोष नाही. पण परवा मास्तर आणि मी शाळेवरून चाललो होतो, तर आतून तो पाठ ऐकू आला. तेच शब्द, मधेच तसेच हसणे. मास्तर भिंतीशी थबकले. म्हणाले, "चांगलं शिकवते नं पोरगा?" आणि माझ्या खांद्याचा आधार घेतला.

साहेब, बोली तुमच्या-माझ्यात झाली होती. चपराश्याला पुढे करू नका, कागद धाडू नका. स्वतः अमरावतीला या, मास्तरांच्या ओसरीवर त्यांच्यासमोर बसा, आणि हेच का ते जसेच्या तसे, याचा जबाब द्या.