सबरियाला काय हवं होतं

तुम्हाला काय हवंय, हे तुम्ही मोठ्यानं शेवटचं कधी बोललात? नीट आठवा. इजिप्तमधल्या आमच्या अस्वानच्या सबरियाला त्यासाठी बावन्न वर्षं लागली.

हॉटेलच्या तळघरात ती एकोणीस वर्षं चादरी धूत होती. सोड्यानं बोटांना भेगा पडलेल्या. वर खोल्या आवरायची जागा निघाली, पण मुलाखत नव्या परदेशी मॅनेजरबाईंपुढे, इंग्रजीत. म्हणून ती माझ्या फुकटच्या वर्गात आली; तिथं सगळ्या मला अब्ला, म्हणजे ताई म्हणतात. मी स्वतः चौथीत शाळा सोडलेली. पर्यटकांच्या तोंडून इंग्रजी हिसकावून घेतलं, आणि त्याचा मला तोरा आहे.

त्या दिवशी 'वॉन्ट' शिकवत होते.

"माय हजबंड वॉन्ट्स टी," सबरिया म्हणाली. "माय डॉटर वॉन्ट्स शूज."

एक चूक नाही. "आता स्वतःचं सांग."

ती ओढणीत तोंड लपवून हसली. "माझं काय असणार, अब्ला? सासूबाईंचं सांगू?"

"नको गं बाई!" मागून कुणीतरी ओरडलं. "त्यांची यादी संपेपर्यंत रमजान उजाडेल!"

मुलाखतीहून ती बावचळून परतली. "बाईंनी विचारलं, वरचं काम हवंय का. मी म्हटलं, नो, थँक यू."

"काय?"

"मग? पहिल्याच खेपेला हो म्हणू? हावरट दिसले असते. पुन्हा विचारतील म्हणून बसून राहिले, तर त्यांनी कागदावर फुली मारली नि दार उघडलं."

माझं डोकंच फिरलं. "अक्कल गहाण टाकलीस का गं?"

"अब्ला, माझ्या घरचा चहा तुम्ही कितव्या खेपेला घेता?"

तिसऱ्या. नेहमी तिसऱ्या. आधी दोनदा 'नको' म्हणायचं, ही आमच्याकडची रीतच. मग म्हटलं, "मी येते, बोलते त्यांच्याशी."

"नको."

"येते ना!"

"हे खरंच नको आहे, अब्ला."

दुसऱ्या सकाळी ती एकटी गेली. दारातूनच, सलामही न करता म्हणाली, "आय वॉन्ट द जॉब."

"काल तर नको म्हणालात?"

"यस्टरडे, फर्स्ट टाइम," सबरिया म्हणाली. "यू नो आस्क अगेन."

बाई आधी गोंधळल्या, मग त्यांनी खुर्ची पुढे केली. पंधरा दिवस काम पाहिलं आणि तिला कायम केलं. बोटांच्या भेगा आता भरत आल्यात.

तळघरात अजून अकरा जणी आहेत. तुमच्या हाताखालीही असतील कुणी. त्या 'नको' म्हणाल्या, तर फुली मारण्याआधी, कृपा करून, आणखी एकदा विचारा.