तीन चाकं गेली, चौथं राहिलं

गाडी तीन बाजूंनी दगडांवर उभी होती. चौथं चाक मात्र जागेवर होतं, आणि मला पहिला संशय आला तो त्या न गेलेल्या चाकाचाच.

मी मोटार सर्व्हेअर आहे. अपघात झाला, चोरी झाली, की विमा कंपनी मला पाठवते. मी नुकसान बघते, फोटो काढते, लोकांना नको ते प्रश्न विचारते आणि रिपोर्ट देते. राहते शहापूरला, पण मुरबाडपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंतची बरीच कामं माझ्याकडे येतात. संशय घेणं हा माझा धंदाच आहे. आमची मुलं म्हणतात, आई दुधाच्या पिशवीचाही सर्व्हे करते.

गाडीचे मालक भोईरशेठ. मुरबाडजवळच्या गावात भातशेती आणि खडीचा धंदा. आदल्या रात्री सगळं कुटुंब टोकावड्याच्या पुढे मेव्हण्याच्या मुलीच्या हळदीला गेलं होतं. आमच्याकडची हळद म्हणजे गावच्या गाव मांडवात, आणि डीजे असा की शेजारचा काय म्हणतो ते ओठांवरून ओळखावं लागतं. गाड्या मांडवामागच्या मोकळ्या शेतात लावलेल्या. तिथे कोणी इंजिन उतरवून नेलं असतं तरी पत्ता लागला नसता. सकाळी बघतात तर तीन अलॉय व्हील गायब.

साधी चोरी असती तर मी अर्ध्या तासात परत फिरले असते. पण शेठनी चाकांना लॉक नट लावले होते. प्रत्येक चाकाला पाच नट असतात. त्यातला एक साधा काढून त्याच्या जागी लॉक नट बसवतात. त्याच्या तोंडावर वेडीवाकडी खाच असते. त्या खाचेत नेमकी बसणारी वाटीसारखी छोटी चावी आधी लावायची, मग तिच्यावर पाना. चावी नसेल तर पाना नुसता घसरतो. जाणकार चोर तो नट फोडूनही काढतो, पण मग खुणा राहतात, तुकडे पडतात. इथे तीन लॉक नट मातीत अगदी धडधाकट पडलेले होते. म्हणजे चोराकडे चावी होती.

शेठचा तर्क तयारच होता. "चावी लहूच्या खिशात असते, म्याडम. आता अजून काय सांगू?"

लहू त्यांचा ड्रायव्हर. गावाच्या टोकाला असलेल्या वाडीतला. तिथली बहुतेक घरं पाऊस संपला की वीटभट्ट्यांवर कामाला जातात. लहूनं मात्र लायसन काढलं होतं आणि सहा वर्षं शेठची गाडी चालवत होता. पोलिसांनी सकाळीच त्याचा फोन काढून घेतला होता आणि संध्याकाळी पोलीस ठाण्यात यायला सांगितलं होतं. तो बांधावर बसला होता. त्याच्याजवळ कोणी उभंही राहत नव्हतं.

खरं सांगायचं तर चाकं चोरीला गेली की मी आधी मालकाकडे बघते. अनुभव तसा आहे. पण मालकाला स्वतःची चाकं लांबवायची असती तर त्याने चारही लांबवली असती. ड्रायव्हरनेही तेच केलं असतं. मग तिसऱ्या चाकावर हात का थांबला?

मी लहूकडे चावी मागितली. त्याने खिशातून दोन काढल्या.

दोन कशा, तर जानेवारीत शहापूर रस्त्याला पंक्चर झालं होतं. पंक्चरवाल्यानं मशीन लावून एका लॉकची खाच पार खाऊन टाकली. तो नट तोडून काढावा लागला आणि त्याजागी दुसऱ्या खाचेचा बसवला, त्याची वेगळी चावी आली. तेव्हापासून तीन चाकांना जुनी चावी आणि एकाला नवी. लहू म्हणाला, "शेठला सांगितला होता मी." शेठना काही आठवेना. त्या वेळी ते फोनवर बोलत असणार, ते बहुतेक वेळ फोनवरच असतात.

मी उरलेल्या चाकाशी उकिडवी बसले. त्याचे चार साधे नट काढून झालेले होते. फक्त लॉक शिल्लक होता आणि त्याच्या तोंडावर ताजे ओरखडे होते. कोणीतरी त्यात जुनी चावी हातोडीने ठोकून बसवायचा प्रयत्न केला होता. म्हणजे चोराकडे जुनी चावी होती, पण नव्या लॉकची त्याला खबर नव्हती. ज्याच्या खिशात दोन्ही चाव्या, तो हातोडी कशाला घेईल?

आता यावर माझं मन म्हणणारच की हे नाटकही असू शकतं. चौथं चाक मुद्दाम सोडायचं आणि ओरखडे काढून ठेवायचे. म्हणून मी लहूची जुनी चावी उन्हात धरून बघितली. भलत्या लॉकमध्ये ठोकलेल्या चावीचे दात ठेचले जातात. याच्या चावीचे दात शाबूत होते.

लॉक नटच्या मूळ सेटबरोबर जुन्या चाव्या दोन आल्या होत्या, याची शेठना बिल दाखवायला लावून मी खात्री केली. दुसरी कुठे आहे?

"घरात."

"घरात कुठे?"

"घरात म्हंजे घरात. ती कुठं जानार हाय?"

मी म्हटलं, क्लेमला दोन्ही चाव्या बघाव्याच लागतात. ते खरंही होतं. माझ्याच गाडीतून आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. लहू सवयीने ओटीच्या पायरीवर बसला. शेठ मला आत घेऊन गेले.

शेठची बायको हळदीहून पुढे आली होती, हात अजून पिवळे होते. त्यांनी देवघरातल्या कपाटाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. खंडेनवमीला त्यांच्याकडे कोयता, पक्कड, पाने, सगळ्या हत्यारांची पूजा होते, आणि शेठनी हौसेनं ही जुनी चावीही, तेव्हा ती कोरी होती, पूजेत मांडली होती. पुढे ती हत्यारांबरोबर पेटीतच राहिली. पेटीतल्या कोयत्यावर, पक्कडीवर वाळलेल्या हळदीकुंकवाचे ठिपके होते. चावीवर एकही ठिपका नव्हता. ती काळ्या ग्रीसने माखलेली होती आणि तिचा एक दात मोडलेला होता.

बाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. तेवढ्यात त्यांचा मुलगा प्रणय माझ्यासाठी पाणी घेऊन आला. कॉलेज सोडलेला, शेठच्या खडीवर नावापुरता जाणारा.

"परनय," त्या म्हणाल्या, "ह्याचा कुकू कोनी पुसला रे?"

त्याने तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, मला काय ठाव.

शेठ लगेच मध्ये पडले. लहूनंच नेली असेल, आणि गुपचूप परत आणून ठेवली असेल.

बाईंनी नवऱ्याकडे बघितलंही नाही. "सा वर्सांत लहू ओटीच्या आत आला नाय. तुमीच येऊ नाय दिला."

दार उघडं होतं आणि लहू पायरीवर होता. त्याला सगळं ऐकू गेलं असणार. मला शेठचा राग आला होता, आणि त्या बाईंचं कौतुकही वाटलं. पोटच्या पोराविरुद्ध एवढं बोलायला छाती लागते.

पुढचं फार लांबलं नाही. प्रणयने कबूल केलं. चाकं शेठच्याच शेतावरच्या पेंढ्याखाली सापडली. गिऱ्हाईक ठरलेलं होतं, पण त्याला चारचा सेट हवा होता. तीन चाकं घेऊन करायचं काय, म्हणून त्याने नेलीच नाहीत. बाप विमा घेईल आणि नवी चाकं बसवेल, मग कोणाचंच नुकसान नाही, असा प्रणयचा हिशेब होता. हा हिशेब मी याआधीही ऐकला आहे, पण बहुतेक वेळा बापांकडून.

शेठनी क्लेम मागे घेत असल्याचं लिहून दिलं. कंपनीच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला. मग मी सांगितलं की संध्याकाळ व्हायच्या आत ठाण्यात जाऊन लहूचं नावही मागे घ्या, आणि माझ्या रिपोर्टमध्ये चावी कुठे सापडली ते येणारच आहे. ते निघाले.

ओटीवर येऊन ते लहूसमोर थांबले. माफी मागायची सवय नसलेला माणूस. शेवटी म्हणाले, "चल, आत ये. चहा घे."

लहू उठला. दोन्ही चाव्या त्याने ओटीच्या कठड्यावर ठेवल्या.

"नको, शेठ. उद्या घरातला कायतरी गेला, तं मी आत येऊन गेलेला असन."

तो परत कामावर गेला नाही. आता मुरबाड-कल्याण जीप चालवतो. शेठ मध्ये एकदा भेटले, तेव्हा हल्ली चांगले ड्रायव्हर मिळत नाहीत अशी तक्रार करत होते.

लॉक नट चांगली वस्तू आहे. जरूर लावा. सेटबरोबर चाव्या किती आल्या आणि त्या कुणाकुणाला माहीत आहेत, एवढं फक्त ड्रायव्हरकडे बोट दाखवायच्या आधी तपासा.