गुलाबातली मेथी

माळीकाम करणाऱ्यापाशी किस्से लई साठतात. झाडं बोलत न्हाईत, म्हणून माणसंच कायबी बोलतात. मी मांजरसुंब्याजवळ एका बंगल्यावर बाग बघतो. तिथलं सांगतो. पटलं तर पटलं, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.

*

ही बाग आखली मालकीणबाईनं. आमी काकू म्हणायचो. गुलाबाला मेथीची कड, क्रोटनमंदी वांगी, गेटच्या कमानीवर दोडका. मी भांडलो, "काकू, बंगला हाय का बाजार?"

"गुलाब बघून पोट भरतंय का तुझं? लाव गुमान."

लावलं. खोटं कशाला बोलू, झकास दिसलं.

*

एक पुढारी पाव्हणा आलता. लाल मिरची शोभेची समजून तोडली, चुरगाळली, वास घेतला अन् डोळ्याला हात लावला. दोन बादल्या पाणी लागलं. काकू म्हणल्या, "सायेब, मतं मागताना बी असंच रडा."

*

एकदा म्या मेथी मुळासकट उपटली. काकूनं पाटीच हिसकली. "चोर उपटतो. घरचा माणूस खुडतो. दोन पानं ठिवून खुड, परत फुटंल."

*

काकू वारल्या. म्हैन्याभरानं मेथी कमी व्हायला लागली. मालक म्हणले, "तूच न्हेतूस."

माझं डोस्कं फिरलं. "न्हेली असती तर तोंडावर सांगितलं असतं."

"आज गेटला कुलूप लावतो. चावी माझ्या खिशात. तरी गेली तर उद्यापासून येऊ नको."

बारा वर्सांची चाकरी, अन् ही भाषा.

सकाळी कुलूप मालकानंच उघडलं. मेथी गेलती. वळीनं खुडलेली, दोन दोन पानं ठिवून.

"भिंतीवरनं आलास."

माझ्या जोडीचा माळी दगडू वाफ्याजवळ उकिडवा बसलता. हळूच मला म्हणला, "पाय कुठं उमटलेत रं? सांजच्याला तर पाणी दिलतं."

चिखलात एक ठसा न्हवता.

*

मालक ऐकंनात. दुपारी लॉनवाला बोलावला. सगळं उपटायचं, नुसती हिरवळ करायची, अन् मला सुट्टी. मी फावडं घिऊन वाफ्यात उभा ऱ्हायलो. म्हणलं, आधी मला उपटा.

मालक व्हरांड्यात जेवत हुते. सूनबाईनं ताटात मेथीची भाजी वाढली. मालकांचा हात थांबला.

"ही कुणी आणली?"

"मामंजी, तुमीच आणता की. रोज सकाळी ओट्यावर निवडून ठिवलेली असती."

मालकांनी ताट बाजूला सारलं. मग लॉनवाल्याला म्हणले, "जावा तुमी." मला म्हणले, "फावडं ठिव. कामाला लाग."

परत सुनंला इचारलं, "किती असती गं?"

"आपण चौघं," ती म्हणली. "भाजी रोज पाच जणांची असती."