भाऊबीजेचा प्रोसेसर

मी माफ करणाऱ्यांतली नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी कुणाला वाईट वाटायला नको. माझ्या चुलतभावाने माझ्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसर चोरला, वर मलाच बिनकामाची ठरवलं, आणि त्यापायी माझं कॉलेजचं एक अख्खं वर्ष मातीत गेलं. त्याचं उट्टं मी कसं काढलं, ते आज लिहून काढते.

आम्ही परतूरला राहायचो, काका जालन्याला. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. मी अकरावीत गेले तेव्हा वडिलांनी आणि काकांनी जालन्यातल्या एकाच दुकानातून दोन कॉम्प्युटर जुळवून घेतले, एक माझ्यासाठी आणि एक त्यांच्या मुलासाठी, म्हणजे दादासाठी. सगळं सारखं, फक्त प्रोसेसर वेगळा. वडिलांनी दुकानदाराचं ऐकून चांगला घेतला. काका म्हणाले, "आतलं कुणाला दिसून राह्यलं? साधाच टाका." दादा माझ्यापेक्षा मोठा, इंजिनिअरिंगला गेलेला, घराण्यातला पहिलाच. त्यामुळे तो शिंकला तरी कौतुक व्हायचं. सुट्टीत आम्ही मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायचो आणि मी त्याला हरवायचे. तो वरवर हसायचा, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मला ते बघायला फार आवडायचं.

मी बारावीत असताना दिवाळीत तो आमच्याकडे आला तो स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालूनच. "आत लई धूळ झाली असंल. दे, साफ करून देतो," म्हणाला. मला आईने चकल्यांना बसवलं होतं. चकल्या तळून होईपर्यंत कॉम्प्युटरचा डबा पुन्हा बंद झालेला होता आणि दादाने त्यात स्वतःचं जुनं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलेलं होतं. स्वतःसाठी त्याने नवं घेतलं होतं म्हणे. वडील भारावून गेले. "बघ, भाऊ असावा तर असा," ते मला म्हणाले. कार्डाचा रंगीत खोका आईने टीव्हीवर विणलेल्या रुमालावर मांडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

गेम एकदम देखणा दिसायला लागला. रस्त्यावर झाडांच्या सावल्या पडायला लागल्या, गाड्यांच्या काचेवर ऊन चमकायला लागलं. पण तो अडखळायलाही लागला. माझी गाडी एकटी असली की सुरळीत चालायची. वळणावर पाच-सहा गाड्या एकत्र आल्या की चित्र थिजायचं आणि मग एकदम उडी मारून पुढे जायचं, तोवर मी भिंतीवर आदळलेली असायचे.

मी कॉम्प्युटरचं एक मासिक वाचायचे. त्यातून मला एवढं कळलं की कुठली गाडी कुठे आहे, कोण कुणाला धडकणार, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि त्याचं चित्र कार्ड काढतं. एकीने पोळ्या लाटायच्या आणि दुसरीने भाजायच्या, तसं ते काम आहे. भाजणारी कितीही चपळ असली तरी लाटणारी मंद असेल तर तवा रिकामाच तापत बसणार. कोण मंद आहे ते ओळखायचं कसं, तर गेममधल्या चित्राचा आकार कमी करून बघायचा. त्याने कार्डाचं काम हलकं होतं. गेम सुधारला तर दोष कार्डाचा. मी चित्र लहान केलं, सावल्या बंद केल्या, रस्ता पार पाटीसारखा सपाट करून टाकला. धक्के तेवढेच राहिले. म्हणजे लाटणारी मंद होती.

मी दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, माझा प्रोसेसर कमी पडून राह्यला. असं कसं झालं? आधी तर बराबर चालत होता."

"प्रोसेसरला काय धाड भरली? गाडी चांगली हाय, चालवणारीचा हात जड झाला," तो म्हणाला आणि खो खो हसला.

मी ते खरं मानलं. आजही त्या गोष्टीने माझा तिळपापड होतो. आपला हात आपल्याला माहीत असताना मी त्याचं खरं मानलं.

बारावीनंतर जालन्याला कॉम्प्युटर सायन्सला जायचं हे माझं ठरलेलं होतं. काकांना ते पसंत नव्हतं. मुलीने घरून येऊन-जाऊन बी.ए. करावं, असं त्यांचं म्हणणं. मे महिन्यात आम्ही सगळे काकांकडे जमलो होतो तेव्हा जेवणानंतर तोच विषय निघाला. दादा म्हणाला, "तिला विचारा तरी जमतंय का. बस गं, खेळून दाखव." मी त्याच्या कॉम्प्युटरवर बसले. त्याचा गेम लोण्यासारखा चालत होता आणि तिथेच माझा घात झाला. सहा महिने धक्के खाऊन मला वळणाच्या आधीच वळायची खोड लागली होती. पहिल्याच वळणाला मी भिंतीत घुसले, दुसऱ्याला खड्ड्यात. मग दादा बसला आणि टाळ्या घेऊन उठला. "काका, खरं सांगू? कॉम्प्युटर हिचं काम न्हाई," तो माझ्या वडिलांना म्हणाला. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. जूनमध्ये माझं नाव परतूरच्या कॉलेजात बी.ए.ला घातलं गेलं. मी वर्गात बसून राज्यशास्त्राच्या व्याख्या उतरवून घेत होते आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवत होते.

दसऱ्याला आम्ही पुन्हा काकांकडे गेलो. आमच्याकडे दसऱ्याला घरातली सगळी यंत्रं पुजतात. शिलाई मशीन, मोटारसायकल, शेतातली पाण्याची मोटर, आणि आता कॉम्प्युटर. काकूने माझ्या हातात पूजेचं ताट दिलं. दादाच्या डब्याची एक बाजू हवा लागावी म्हणून कायम उघडी असायची. झेंडूचं फूल ठेवायला मी वाकले आणि तशीच थांबले. आत प्रोसेसरवरच्या पंख्याला, बरोबर मधोमध, कुंकू होतं. जुनं, काळपट पडलेलं, आणि त्यात रुतलेला तांदळाचा एक दाणा.

ते कुंकू माझ्या आईचं होतं. कॉम्प्युटर घरी आला त्या पहिल्या दसऱ्याला तिने हट्टाने डबा उघडायला लावला होता. "वरून लावून काय उपयोग? काम तर आतला करतो," म्हणत तिने पंख्यालाच ओलं कुंकू लावलं होतं आणि अक्षता टाकल्या होत्या. वडील तिच्यावर ओरडलेही होते. काकांच्या घरात असं कुणी केलं नसतं. दादा आपल्या मशीनला कुणाला बोट लावू द्यायचा नाही. धूळ साफ करतो म्हणून त्याने माझा प्रोसेसर पंख्यासकट उचलला होता, आपला मंद माझ्यात बसवला होता आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून वर कार्डाची भीक घातली होती. कुंकू पुसायची तसदीसुद्धा त्याने घेतली नव्हती. एवढी आमची किंमत.

मी फूल ठेवलं, नमस्कार केला आणि दादाच्या हातावर आपट्याची पानं ठेवून म्हटलं, "सोन्यासारखा राहा." मला ओरडता आलं असतं. पण तेव्हा ओरडले असते तर त्याने हसण्यावारी नेलं असतं, काकांनी गंमत म्हणून मिटवलं असतं आणि मला समजूतदारपणा शिकवला असता.

भाऊबीजेला मी जालन्याला गेले ती लाडवांच्या डब्यात तळाशी त्याचा प्रोसेसर आणि पंखा कागदात गुंडाळून. त्याला तेल-उटणं लावलं, ओवाळलं. त्याने ओवाळणी म्हणून ताटात एक नवा गेम टाकला. "हा तर तुझ्याच्यानं बिलकुल चालणार न्हाई," असंही वर म्हणाला. मी गोड हसले. मग तो दुसऱ्या बहिणींकडे ओवाळून घ्यायला निघाला. मी खोलीत जाऊन त्याच्या कॉम्प्युटरचा डबा आडवा केला. काकूने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय करून राह्यलीस गं?"

"धूळ साफ करून राह्यले, काकू," मी म्हटलं.

घरी येऊन मी माझा प्रोसेसर जागेवर बसवला आणि गेम लावला. त्याचंच कार्ड आणि माझा प्रोसेसर, दोघांची जोडी अशी जमली की वळणावर सगळ्या गाड्या आल्या तरी चित्र हललं नाही. मी रडले. रागाने रडले, आणि मग सराव करत बसले.

तुळशीच्या लग्नाला काकांकडचे सगळे आमच्याकडे आले. दादाचा चेहरा उतरलेला होता. त्याने आपल्या डब्यात डोकावून बघितलेलं होतं, हे मला त्याने माझी नजर चुकवत चप्पल काढली तेव्हाच कळलं. मंगलाष्टका झाल्या, प्रसाद झाला, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दादा, एक डाव होऊन जाऊ दे." त्याला नाही म्हणता येईना. धक्क्यांची सवय लागलेल्या हातांनी तो पहिल्याच वळणाला भिंतीत घुसला. मग मी बसले. वडील माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि शर्यत संपेपर्यंत हलले नाहीत. पुढच्या जूनमध्ये त्यांनी स्वतः मला जालन्याला नेऊन कॉम्प्युटर सायन्सला घातलं.

त्या संध्याकाळी दादाने मला अंगणात गाठलं. चोरी झाली म्हणून ओरडायची त्याला सोय नव्हती. "आमच्या बाबांना सांगू नको," तो म्हणाला.

"सांगणार. कधी ते ठरवलं न्हाई," मी म्हटलं.

तेव्हापासून लग्नात, बारशात, कुठेही मी काकांच्या शेजारी बसले की त्याचा घास अडकतो. मी मुद्दाम बसते. काकांच्या कानाशी लागून भाजीत मीठ कमी आहे एवढंच सांगते, आणि तो पंगतीतून उठतो. अलीकडे तो म्हणाला, "झालं ना आता, किती वर्षं झाली." त्याला झालं असेल. माझं वर्ष मला कुणी परत दिलेलं नाही.

यात मी कुणाचं नाव घातलेलं नाही. काकांना त्याची गरज पडणार नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते हाताला लागेल ते वाचतात, आणि हे छापून आलं की पहिली प्रत मी स्वतः त्यांच्या हातात देणार आहे, दादा घरी असताना.